हनुवटीच्या शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी

हनुवटीच्या कॉस्मेटिक शस्त्रक्रियेबद्दल आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न आहे: "धोका नाही ना?" त्याला हो-नाहीत उत्तर देता येत नाही. या एका नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी केल्या जातात आणि प्रत्येकीत बिघडण्याची जागा वेगळी असते. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: माझी हनुवटी मागे आहे. हाड कापून ती ७ मिलिमीटर पुढे आणायचं ठरतंय. "तासाभराचं काम आहे, काळजी नको" असं तोंडी सांगितलं गेलं, पण संमतीपत्रात 'खालच्या ओठाचा तात्पुरता अथवा कायमचा बधिरपणा' अशी ओळ आहे. ती सगळ्यांच्याच कागदावर छापलेली असते की खरंच असं होतं?

उत्तर: खरंच होतं. या शस्त्रक्रियेतला सगळ्यात नीट समजून घ्यावा असा धोका हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खालच्या जबड्याच्या हाडातून दोन्ही बाजूंना संवेदना वाहणारी एकेक नस जाते. दाढांच्या खालून पुढे येत ती सुळ्यामागच्या दोन उपदाढांच्या मुळांखाली असलेल्या एका छोट्या छिद्रातून बाहेर पडते, आणि खालचा ओठ, हनुवटीची त्वचा आणि पुढची हिरडी यांत पसरते. अडचण अशी की ती छिद्राकडे सरळ रेषेत येत नाही. बऱ्याच जणांत ती आधी छिद्राच्या पातळीच्या खाली उतरते. काहींमध्ये तर छिद्राच्याही पुढे जाते आणि वळसा घेऊन मागे येते. छिद्र सर्जनला डोळ्यांनी दिसतं, हाडातली नस दिसत नाही. म्हणून काप छिद्राच्या किमान ५ ते ६ मिलिमीटर खालून न्यायचा असतो. तेवढं अंतर ठेवलं नाही, तर न दिसणारी नस करवतीखाली सापडते.

नस कापली गेली नाही तरी ताणली जाते. ओठाच्या आतून छेद घेऊन हाडापर्यंत पोचायचं म्हणजे मांस खाली ओढून धरावं लागतं आणि त्याबरोबर नसही ओढली जाते. त्यामुळे पहिले काही आठवडे ते काही महिने ओठ-हनुवटी बधिर राहणं हे जवळपास गृहीत धरावं. बहुतेकांची संवेदना परत येते. नसेचे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढतात, त्यामुळे घाई करून उपयोग नसतो. आधी मुंग्या येतात, मग टोचल्यासारखं वाटतं आणि हळूहळू स्पर्श कळू लागतो. वय जास्त असेल तर वेळ जास्त लागतो. वर्ष उलटल्यावर जो बधिरपणा उरतो, तो सहसा तसाच राहतो.

'कायमचा बधिरपणा' हे शब्द कागदावर सौम्य दिसतात. रोजच्या जगण्यात त्याचा अर्थ असा: ओठ दिसायला व्यवस्थित असतो, हलतोही, कारण ही नस हालचालीची नाही. पण दात काढताना दिलेली भूल उतरत असते तेव्हा ओठ जसा जाड आणि परका वाटतो, तसा तो कायम वाटतो. पाणी पिताना थेंब हनुवटीवरून ओघळतो आणि समोरच्याने खूण करेपर्यंत कळत नाही. जेवताना ओठ चावला जातो तो रक्ताची चव आल्यावर समजतो. काहींना बधिरपणाऐवजी उलटंच होतं: दाढीचा ब्रश किंवा स्कार्फची कड लागली तरी आग होते किंवा झिणझिण्या येतात. ते सहन करायला बधिरपणापेक्षा अवघड असतं.

आता तुमच्यापुरतं काय करायचं ते. ओपीजी म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे, किंवा सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन, डॉक्टरांसोबत बसून बघा. ओपीजीवर नसेची वाट दोन बारीक पांढऱ्या रेघांमधल्या काळसर पट्ट्यासारखी दिसते. छिद्र कुठे आहे, सुळ्याचं मूळ कुठे संपतं आणि काप कुठून जाणार, हे बोट ठेवून दाखवायला सांगा. सुळ्याचं मूळ पुढच्या दातांत सर्वांत लांब असतं. त्याच्या टोकापासूनही काप सुमारे ५ मिलिमीटर खाली हवा, नाहीतर दाताचा रक्तपुरवठा तुटतो, तो काळवंडतो आणि रूट कॅनल करावं लागतं. वर दातांची मुळं, बाजूला नस, खाली हाडाची कड, एवढ्या हद्दीत जी पट्टी उरते तिथेच काप बसवायचा असतो. ज्यांची हनुवटी मुळातच उंचीला कमी आहे त्यांच्यात ही पट्टी अरुंद असते आणि धोका त्या मानाने जास्त. 'सगळ्यांना होतं' किंवा 'कुणालाच होत नाही' ही दोन्ही उत्तरं तुमच्या कामाची नाहीत. तुमच्या जबड्यात ती पट्टी किती रुंद आहे, ते विचारा.

७ मिलिमीटर हा आकडा नेहमीच्या मर्यादेतला आहे. हाड पुढे आणलं की त्वचाही जवळजवळ तितकीच पुढे येते. मात्र जितकं पुढे न्याल तितकी ओठाखालची खळी खोल होते, आणि कापलेल्या तुकड्याच्या मागच्या टोकांशी जबड्याच्या कडेवर खाच उमटू शकते. सडपातळ चेहऱ्यात ती बोटाला लागते, कधी दिसतेही. काप मागे लांबवर, निमुळता नेला तर खाच सौम्य होते.

प्रश्न: एका ठिकाणी सिलिकॉनचं इम्प्लांट सुचवलं, दुसरीकडे हाड कापून पुढे आणायला सांगितलं. इम्प्लांट नको वाटलं तर काढता येतं, म्हणजे तेच सुरक्षित नाही का?

उत्तर: काढता येतं हे खरं आहे. पण काढल्यावर पूर्वीची हनुवटी परत मिळेलच असं नाही. इम्प्लांटसाठी हाडावरचं आवरण सोडवून खिसा तयार करतात. त्यात इम्प्लांटभोवती पातळ पापुद्रा तयार होतो आणि वरचं मांस त्या आकाराला ताणून बसतं. इम्प्लांट काढलं की हे मांस सैल पडतं. हनुवटी लोंबल्यासारखी दिसते किंवा त्वचेवर खळगे पडतात.

जंतुसंसर्ग झाला तर अनेकदा काढावंच लागतं. जंतू सिलिकॉनच्या पृष्ठभागावर चिकट थर करून राहतात आणि औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. गोळ्या चालू असेपर्यंत बरं वाटतं, बंद केल्या की पुन्हा सूज. तोंडाच्या आतून छेद घेतला तर व्रण दिसत नाही, पण लाळेतल्या जंतूंशी संबंध येतो. हनुवटीखालून घेतला तर २ ते ३ सेंटिमीटरचा व्रण राहतो, पण जागा जास्त स्वच्छ ठेवता येते आणि इम्प्लांट योग्य उंचीवर बसवणं सोपं जातं.

उंचीचा मुद्दा किरकोळ नाही. इम्प्लांट हनुवटीच्या खालच्या जाड, टणक हाडावर बसायला हवं. ते वर सरकलं की दातांच्या मुळांसमोरच्या पातळ हाडावर टेकतं, आणि स्नायूच्या रोजच्या दाबाने वर्षानुवर्षं ते हाड झिजत जातं. एक-दोन मिलिमीटरचा खळगा पुष्कळांत सापडतो आणि त्रासही देत नाही. खळगा मुळांकडे सरकू लागला की मात्र चिंता करावी. म्हणून दुखत नसलं तरी अधूनमधून एक्स-रे काढून आधीच्याशी ताडून बघावा. खिसा गरजेपेक्षा मोठा झाला तर इम्प्लांट एका बाजूला सरकतं, लहान झाला तर त्याच्या कडा दुमडतात. त्याचे लांब पंख नसेच्या छिद्रावर टेकले तर तिथेही बधिरपणा येतो. सच्छिद्र पॉलिइथिलीनचं इम्प्लांट सुचवलं असेल तर 'काढता येतं' हा मुद्दाच बाद समजा. त्याच्या छिद्रांत मांस वाढतं, म्हणून ते सरकत कमी, पण काढताना आजूबाजूचं मांस फाडून काढावं लागतं.

आमचं मत असं: दातांची ठेवण नीट आहे, हनुवटी मध्यावर आहे आणि फक्त पुढचा उठाव थोडा कमी आहे, तर चांगल्या हातून बसवलेलं इम्प्लांट वाजवी पर्याय आहे. उंची कमी-जास्त करायची असेल, हनुवटी वाकडी असेल किंवा बरंच पुढे आणायचं असेल, तर हाडाचीच शस्त्रक्रिया बरी. आणि जो सर्जन दोन्हीपैकी एकच करतो, त्याच्या तोंडून दुसऱ्याचे तोटे ऐकून निर्णय घेऊ नका. दोन्ही करणाऱ्या व्यक्तीचं मत घ्या.

दोन्हींत समान असलेली, पण पत्रात कुणीच न विचारलेली एक गोष्ट. ओठ पुढे काढून हनुवटी आवळली की त्वचेवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात. ते पाडणारा स्नायू तोंडातल्या छेदात हाडापासून सुटतो. शेवटी तो नेमक्या उंचीवर परत शिवला नाही, तर हनुवटीचं मांस खाली उतरतं, खालचा ओठ लोंबतो आणि तोंड मिटलेलं नसताना खालचे दात दिसू लागतात. पुन्हा शस्त्रक्रिया करूनही हे पूर्ण दुरुस्त करणं कठीण असतं. छेद हिरडीला लागून न घेता ओठाच्या बाजूला घेतला तर शिवायला मांसाची पट्टी उरते, आणि मग स्नायू आणि आतली त्वचा वेगवेगळ्या थरांत शिवता येतात. "स्नायू परत कसा शिवणार?" हा प्रश्न जरूर विचारा. काळजीने काम करणारा डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

प्रश्न: माझे वरचे दात बरेच पुढे आहेत, ओठ मिटायला जोर लावावा लागतो आणि मी घोरतो. हनुवटी पुढे आणली की हे सगळं सुधारेल ना?

उत्तर: थांबा. तुम्ही लिहिलेल्या खुणा पाहता केवळ हनुवटी नव्हे, अख्खा खालचा जबडाच मागे असण्याची शक्यता आहे. हनुवटीच्या शस्त्रक्रियेने दातांची मिळणी तसूभरही बदलत नाही. आज फक्त हनुवटी पुढे आणली आणि उद्या जबड्याची शस्त्रक्रिया करावी लागली, तर आधीच पुढे नेलेली हनुवटी जास्तच पुढे येईल. आधी दातांची ठेवण सुधारणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टकडून बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे, म्हणजे लॅटरल सेफॅलोग्राम, तपासून घ्या. घोरण्यासाठी झोपेची चाचणी करा. झोपेत श्वास अडत असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधीच माहीत हवं. जिभेचा मोठा स्नायू हनुवटीच्या हाडाला मागून बांधलेला असतो. ते हाड पुढे नेलं तर जीभ थोडी पुढे येते. उलट, हनुवटी मागे घेण्याचा सल्ला कुणी दिला, तर घोरणाऱ्याने तो फार जपून ऐकावा.

प्रश्न: मुलगी १६ वर्षांची आहे. फोनवरच्या फोटोत हनुवटी लहान दिसते म्हणून शस्त्रक्रियेचा हट्ट धरते आहे. काय करावं?

उत्तर: हात लांब करून काढलेल्या फोटोत कॅमेरा नाकाच्या सर्वांत जवळ असतो. त्यामुळे नाक मोठं आणि त्यामागचं सगळं लहान दिसतं. दीड-दोन मीटर अंतरावरून, डोळ्यांच्या पातळीवर, समोरून आणि बाजूने फोटो काढून तिच्यासोबत बघा. जबड्याची वाढ अजून पूर्ण झाली नसेल तर आजचं माप उद्या चुकीचं ठरतं, म्हणून वाढ थांबल्याची खात्री होईपर्यंत केवळ दिसण्यासाठी हाडाला हात लावू नये. मुलगी दिवसातला बराच वेळ आरशासमोर घालवत असेल, हनुवटी हाताने झाकत असेल, बाहेर जाणं टाळत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्या. शरीराच्या एखाद्या भागाविषयी मनात बसलेली अढी शस्त्रक्रियेने जात नाही. बहुधा ती दुसऱ्या भागावर सरकते. तिला रागावू नका, तिचं दुःख खरं आहे.

प्रश्न: शस्त्रक्रियेऐवजी फिलर (त्वचेखाली टोचून उठाव आणणारा पदार्थ) घेतलं तर? ते तर फक्त इंजेक्शन आहे.

उत्तर: हाड, दात आणि भूल यांचे धोके टळतात हे खरं. पण चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, आणि फिलर चुकून धमनीत गेलं तर तिच्यापुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा बंद पडतो. हनुवटीच्या धमन्या ओठाशी आणि जिभेखालच्या भागाशी जोडलेल्या असतात, त्यामुळे इजा टोचलेल्या जागेपुरतीच राहते असंही नाही. त्वचा एकदम पांढरी पडणं, मग जांभळट जाळी उमटणं, वाढत जाणारी वेदना ही त्याची लक्षणं. फिलरमध्येच भुलीचं औषध मिसळलेलं असेल तर वेदना जाणवणारही नाही, म्हणून रंगाकडे लक्ष ठेवा. बोटाने दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. तो आला नाही तर सकाळची वाट पाहू नका. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर हायलुरॉनिडेज या औषधाने विरघळवता येतं आणि इथे तासांचा हिशेब असतो. ते औषध तिथे हजर आहे का, हे टोचून घेण्याआधी विचारा. नसेल तर उठून या. कायमस्वरूपी फिलर किंवा पातळ सिलिकॉन टोचून घेऊ नका. त्याच्या गाठी वर्षांनंतरही होतात आणि पूर्ण काढता येत नाहीत.

प्रश्न: माझं वय ५४. हाडं ठिसूळ झाल्यामुळे आठवड्याला एक गोळी घेते. शस्त्रक्रियेआधी गोळी थांबवली तर चालेल का?

उत्तर: एलेंड्रोनेटसारख्या गोळ्या हाडात वर्षानुवर्षं टिकून राहतात. आठवडाभर थांबवून काहीच साधत नाही. या औषधांमुळे जबड्याच्या हाडाची जखम न भरता हाड मरू शकतं. केवळ दिसण्यासाठी हा धोका पत्करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. डेनोसुमॅबचं सहामाही इंजेक्शन चालू असेल तर तेही परस्पर थांबवू नका, ते थांबवल्याने मणक्यांची हाडं मोडू शकतात.

तंबाखू, सिगारेट, व्हेप यांपैकी काहीही घेणाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या आधी ४ आणि नंतर ४ आठवडे पूर्ण बंद ठेवावं. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, तोंडातले टाके उसवतात आणि कापलेलं हाड धरून ठेवणारी आतली धातूची प्लेट उघडी पडते.

प्रश्न: हाडाची शस्त्रक्रिया होऊन पाचवा दिवस आहे. ओठ जड आहे, मान पिवळी-निळी झाली आहे. हसताना एक बाजू कमी उतरते. घाबरायचं का?

उत्तर: सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. काळंनिळं रक्त वजनाने खाली उतरत मानेवर, कधी छातीपर्यंत येतं. जडपणा आणि बधिरपणाही अपेक्षित आहे. हसताना एक बाजू खाली न येणं कधी सुजेमुळे असतं, कधी हालचालीची वेगळी बारीक नस ताणली गेल्यामुळे. ती बहुधा आठवड्या-महिन्यांत सावरते, पण आजच डॉक्टरांना कळवा, म्हणजे नोंद राहील.

जिभेखालचा भाग फुगून जीभ वर उचलली जाणं, लाळ गिळता न येणं, आवाज घोगरा होणं, श्वासाला त्रास होणं ही लक्षणं कुठल्याही दिवशी दिसली तर फोन करत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा. हाडामागची रक्तवाहिनी दुखावली तर रक्त तिथे साचतं आणि श्वासमार्ग दाबला जातो. हा प्रकार दुर्मीळ आहे, बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत होतो, पण जीव घेऊ शकतो. सूज उतरायला लागून पुन्हा वाढली, ताप आला, तोंडाला घाण वास किंवा पू आला, तर त्याच दिवशी दाखवा.

आणि कृपा करून ओठ पुढे ओढून आरशात टाके बघू नका. जवळजवळ सगळेच बघतात, आणि नेमका तिथेच ताण बसून जखम उघडते. बधिर त्वचेवर बर्फ थेट ठेवू नका, भाजल्यासारखी जखम होते आणि तुम्हाला कळणार नाही. फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं पुरे. प्रत्येक खाण्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरा. क्लोरहेक्सिडिनचं औषध दिलं असेल तर ब्रश आणि ते यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. हाड सांधायला सुमारे ६ आठवडे लागतात, तोवर चावायला मऊ अन्नच घ्या आणि हनुवटीला धक्का लागेल असा कुठलाही खेळ नको. आकार कसा आला याचा निकाल मात्र सहा महिन्यांआधी लावू नका.

प्रश्न: संमतीपत्र शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी हातात देणार म्हणतात. ते आधी मागावं का? आणि सही केल्यावर मन बदललं तर?

उत्तर: आधीच मागा, निदान काही दिवस. समजणाऱ्या भाषेत मागा, घरी नेऊन वाचा. त्यात शस्त्रक्रियेचं नेमकं नाव, किती मिलिमीटर कुठल्या दिशेने, इम्प्लांट असेल तर कशाचं आणि किती मापाचं, शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार, हे लिहिलेलं असावं. काहीच न करणं हाही एक पर्याय म्हणून त्यात आला पाहिजे. 'गरज वाटल्यास अन्य प्रक्रिया करण्यास संमती' अशी मोघम ओळ असेल तर तिच्यापुढे लिहून घ्या: 'जिवाला धोका असेल तरच'. दुरुस्तीची दुसरी शस्त्रक्रिया लागली तर खर्च कुणाचा, हेही आधीच ठरवा. ओठाची संवेदना आज कशी आहे हे कापसाच्या बोळ्याने तपासून नोंदवून घ्या, नाहीतर नंतर काय गेलं हे ठरवता येत नाही. फोटो जाहिरातीत वापरण्याची परवानगी वेगळ्या कागदावर असावी आणि ती नाकारली म्हणून उपचार अडायला नकोत.

सही केल्यावरही, गुंगीचं औषध देईपर्यंत केव्हाही नाही म्हणता येतं आणि त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. गुंगी दिल्यावर घेतलेली सही मात्र संमती म्हणून मानता येत नाही. सही केलेल्या कागदाची प्रत आपल्याकडे ठेवा. इम्प्लांट बसवलं असेल तर त्याच्या पाकिटावरचं क्रमांक असलेलं स्टिकर त्या प्रतीवर चिकटवून मागा. वर्षांनी ते काढायची वेळ आली, तर काढणाऱ्याला सर्वांत आधी तेच लागतं.